आठवडा कुणाचा?

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘जलवात’ कारखान्यात, चाचणी विभागात काही चुकलं की “कुणी केलं?” असं कुणी विचारत नसे. विचारत ते एवढंच, “आठवडा कुणाचा?”

सन दोन हजार बेचाळीसच्या जानेवारीतला एक मंगळवार घ्या. बाबाजी औटी, ज्यांना सगळे औटीमामा म्हणत, यंत्राच्या पोटातून मान बाहेर काढून म्हणाले, “सील उलटं बसलंय. मपली चूक.”

मपली म्हणजे माझी. पारनेरच्या बाजूला असंच बोलतात, आणि मामांना साठीला चार महिने उरले असताना त्यांची भाषा सुधारायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं.

“आठवडा कुणाचा?” विभागप्रमुख वृषाली ठुबे यांनी विचारलं.

इरफान तांबोळीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “माझा, ताई.”

“मग तुझी चूक. मामा, नवं सील घ्या.”

इरफानने नोंदवहीत लिहिलं, ‘सील उलटे बसवले. चूक माझी.’ खाली सही. मामांनी सील बदललं. चहा आला तेव्हा यंत्र पाणी देत होतं. सगळं मिळून अकरा मिनिटं गेली, त्यातली दोन मामांचा चष्मा शोधण्यात.

जलवातची यंत्रं हवेतून पाणी काढत. कपाटाएवढी पेटी, आत एक सच्छिद्र भुकटी. पहाटेच्या हवेतली ओल ती भुकटी पिऊन घेई आणि ऊन तापलं की थेंबाथेंबाने सोडून देई. शाळा, वसतिगृहं, दवाखाने, सगळीकडे ही यंत्रं गेली होती. कारखान्याच्या आतला निसर्ग मात्र इतर कारखान्यांसारखाच होता. तिथे श्रेय वाफेसारखं वर जाई आणि दोष पाण्यासारखा खाली येई. वरच्या केबिनी कायम उबदार, खालचा मजला कायम ओला.

अकरा वर्षांपूर्वी एक पीळ पडलेलं सील चाचणी विभागातून निसटलं होतं. ज्याच्या हातून निसटलं तो घाबरून चार दिवस गप्प बसला. तेवढ्यात तशीच बेचाळीस यंत्रं बाहेर गेली आणि बेचाळीसच्या बेचाळीस परत आली. मग तीन आठवडे चौकशी चालली. विभागातली पाच माणसं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली आणि त्या तीन आठवड्यांत एकाही बोटाने काम केलं नाही. वृषालीताईंनी तेव्हा हिशेब मांडला. चूक करायला एक मिनिट लागलं, लपवायला चार दिवस आणि शोधायला तीन आठवडे.

“चूक कुणाची हे आधीच ठरवून टाकू,” त्या म्हणाल्या. “म्हणजे झाल्यावर फक्त दुरुस्त करायची राहील.”

भिंतीवर पतसंस्थेचं फुकट मिळालेलं कॅलेंडर होतं. त्याच्या प्रत्येक सोमवारी पेन्सिलीने एकेक अक्षर पडलं. ज्याचं अक्षर तो आठवडेकरी. त्या आठवड्यात विभागात काहीही चुको, चूक त्याची. त्याचा मोबदला म्हणून आठवडाभर त्याने डबा आणायचा नाही, बाकी चौघांनी त्याला जेवू घालायचं. मामांच्या घरची पारनेरकडची झणझणीत शिपी आमटी, इरफानकडचा खिमा, ताईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी. आठवडेकरी शनिवारी घरी जायचा तो पट्टा एक भोक सैल करून.

कारखान्याचा नियम असा होता की वर्षात बारा मेमो झाले की माणूस घरी. चाचणी विभागाला वर्षाला वीसेक मेमो येत. पाच जणांत वाटले की माणशी चार. अकरा वर्षांत कुणी घरी गेलं नव्हतं आणि एकही यंत्र परत आलं नव्हतं. हे असं का होतं, ते वरच्या मजल्यावर कुणालाच माहीत नव्हतं. पण श्रेय तिथे वेळच्या वेळी पोचत होतं.

ते स्वीकारायला व्यवस्थापक हेमंत रणदिवे होते. रणदिवे साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त चांगल्या गोष्टीच्या शेजारी उभं राहायची सवय होती. फोटोत ते मधोमध असत आणि चौकशीत दौऱ्यावर. आपण या कारखान्याचे नेमके किती टक्के आहोत हे एकदा कागदावर यावं, एवढीच त्यांची साधी इच्छा होती. ती पुरी करणारं यंत्र पुण्यात निघालंय असं कळल्यावर त्यांनी ते त्याच महिन्यात मागवलं.

यंत्राचं नाव ‘यथार्थ’. आकार पोळीच्या डब्याएवढा. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘राव’ जोडलं, कारण नवीन माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. त्याच्याबरोबर मैत्रेयी सबनीस नावाची तिशीतली इंजिनिअर आली. तिने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं.

“समजा, आमटी छान झाली. श्रेय कुणाला? डाळीला, मसाल्याला, की चिंचेला?”

“करणारीला,” मागून कुणीतरी म्हणालं.

“ते झालंच. पण नेमकं किती कशाला? सोपा उपाय आहे. चिंच न घालता तीच आमटी पुन्हा करायची. चव जेवढी उतरली, तेवढा चिंचेचा वाटा.”

“आणि मीठ काढलं तर?” वृषालीताईंनी विचारलं.

मैत्रेयीने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तर आमटी तोंडात घालवणार नाही, आणि वाटेल की सगळं श्रेय मिठाचंच. म्हणून एकदा काढून भागत नाही. कधी नुसतं मीठ काढायचं, कधी मीठ आणि चिंच दोन्ही, कधी फक्त डाळ ठेवायची. जेवढे प्रकार होतील तेवढ्या आमट्या करायच्या आणि सरासरी काढायची. गणित जुनंच आहे, ताई. एवढ्या आमट्या करायला चूल नव्हती. आता आहे.”

ती चूल म्हणजे यथार्थ. कारखान्यातला प्रत्येक पाना किती जोर लागला ते सांगत होता, प्रत्येक दार कोण गेलं ते सांगत होतं, आणि नोंदवह्या, बैठकांसकट हे सगळं वर्षानुवर्षं साठवलेलं होतं. यथार्थ त्यातून आपल्या पोटात हुबेहूब कारखाना उभा करी. मग त्यातून एका माणसाला वजा करून तोच दिवस पुन्हा चालवी. मग दोघांना, मग तिघांना. लाखो वेळा. माणूस नसल्याने काय बिघडलं ते त्याचं श्रेय आणि काय सुधारलं तो त्याचा दोष. शिवाय कुणी नोंदींशी न जुळणारं काही बोललं, की डब्यावरचा एक छोटा लाल दिवा लागे; तसाच एकेक दिवा प्रत्येक विभागातल्या स्पीकरशेजारीही बसवला होता.

पहिला अहवाल मोठ्या सभागृहात उघडला. रणदिवे साहेबांनी फोटोग्राफर बोलावला होता.

“या तिमाहीच्या विक्रमी उत्पादनामागे,” साहेब म्हणाले, “थोडीफार माझी दूरदृष्टी...”

लाल दिवा लागला.

पडद्यावर साहेबांचा वाटा उमटला. शून्य पूर्णांक तीन टक्के. खाली बारीक अक्षरांत यथार्थने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘यातील बहुतांश वाटा दौऱ्याच्या दिवसांतील.’

“यंत्र अजून शिकतंय,” साहेब म्हणाले. दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या दिवशी सभागृहात यथार्थच्या पुढ्यात एक मनीप्लँटची कुंडी आली, बरोब्बर दिव्यासमोर.

पुढच्या सहा आठवड्यांत कारखान्याच्या रीतीभाती बदलल्या. लोक छतातल्या मायक्रोफोनकडे तोंड करून बोलू लागले. “हे मी सुचवतोय हं, मी,” असं कॅन्टीनमध्ये मीठ मागतानाही ऐकू येई. जमणाऱ्या कामाला हात लावायला आठ-आठ माणसं जमत. खरेदीच्या साहेबांनी एका चांगल्या चाललेल्या पंपावर तीन दिवस नुसता हात ठेवला. उलट एखादा निर्णय घ्यायची वेळ आली की अख्खा मजला स्वच्छतागृहात. ‘मी नव्हतोच तिथे’ हे दाराच्या नोंदीने सिद्ध व्हावं म्हणून लोक दारातून मोठ्या पावलाने, सावकाश बाहेर पडत.

चाचणी विभागाची पंचाईत वेगळीच होती. आठवडेकऱ्याने “चूक माझी” म्हटलं की खोलीतल्या स्पीकरशेजारचा दिवा लाल. खरं सांगितलं तर अकरा वर्षांचा रिवाज मोडतो. कळमकर आणि पानसरे, जे कायम जोडीने असत, त्यांनी पंख्याच्या पात्याला गेलेला तडा दोन दिवस कुणाला सांगितलाच नाही. अकरा वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. वृषालीताईंनी पातं बदललं, पण त्या दिवशी डबा कुणाला गोड लागला नाही.

आणि मग यथार्थने जुन्या नोंदवह्या वाचल्या.

अकरा वर्षांतले दोनशे बारा कबुलीजबाब. त्यांतले एकशे सत्त्याऐंशी खोटे. पहिला कसा सापडला, तर चार वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी दुपारी अडीच वाजता इरफान तांबोळीने एक नळी वाकवल्याचं कबूल केलं होतं. यथार्थच्या मते ती त्याने वाकवलेली असणं अवघड होतं.

“त्या दिवशी तू कुठे होतास?” रणदिवे साहेबांनी त्याला बोलावून विचारलं.

“माझ्या लग्नात होतो, साहेब.”

“पाहुणा म्हणून?”

“नाही. नवरा म्हणून.”

“मग नळी कशी वाकवलीस?”

“आठवडा माझा होता,” इरफान म्हणाला. “मी सोमवारीच जाऊन आठवड्याभराची सही आगाऊ करून टाकली. घरचे म्हणाले आज कशाला जातोस. पण जबाबदारी असते, साहेब.”

प्रकरण पुण्याच्या मुख्य कार्यालयात गेलं. खोटा अहवाल देणं म्हणजे बडतर्फी, असा नियम सांगितला जाई. नोंदवहीची प्रमुख वृषाली ठुबे. शुक्रवारी अकराला सुनावणी ठरली.

गुरुवारी साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, म्हणजे काम गंभीर होतं.

“ठुबेताई, यथार्थकडे खऱ्या चुकांची यादी आहे. कोणती चूक खरी कुणाची, तारीखवार. पण नव्या कामगार कायद्याने नावानिशी दोष उघडायचा तर विभागप्रमुखाची सही लागते. तुम्ही सही करा. तुम्ही फसवणूक उघड केली असं होईल. आणि गुणवत्ताप्रमुखाची जागा रिकामी आहे, ती तुम्हाला सहा वर्षांपासून हवी आहे.”

“आणि नाही केली तर?”

“तर फसवणूक तुम्ही केली असं होईल.”

“चहात साखर नाही,” ताई म्हणाल्या.

“बघा, हेसुद्धा नेमकं कुणाचं ते कळेल आता.” साहेब हे अगदी मनापासून म्हणाले.

गुणवत्ताप्रमुखाची जागा ताईंना हवी होती, हे खरं होतं. त्या खुर्चीवर कोणती उशी टाकायची हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण यादीत काय निघेल तेही त्यांना माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी औटीमामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि शस्त्रक्रियेची तारीख लांबत चालली होती. त्या एका वर्षात मामांच्या हातून एकट्याने चौदा चुका झाल्या होत्या. बारावर घरी. नियमाला जुनं-नवं काही नव्हतं. निवृत्तीला जेमतेम दोन महिने उरले असताना मामा बडतर्फ म्हणून घरी गेले असते.

आणि ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात धरला, तो उलटा; मामांनीच तो सुलटा करून दिला होता.

त्या खाली आल्या तेव्हा मामा चाचणीच्या टाकीशी बसून भाकरी खात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कर की सही,” मामा म्हणाले.

“मामा, चौदा निघतील.”

“चौदाच? मला वाटलं ईस व्हत्या.” त्यांनी कांद्याचा तुकडा मोडला. “हे बघ वृषाली, मी घरी गेलो तर मळ्यात जाईन. तू घरी गेलीस तर या कळमकर-पानसरेला कोण सांभाळील? कर सही.”

“आठवडा कुणाचा आहे मामा?”

मामांनी भिंतीकडे पाहिलं. चौकोनात ‘ठु’ होता.

“मग झालं तर,” ताई म्हणाल्या. “या आठवड्यात जे चुकेल ते माझं. तुम्ही मध्ये पडू नका, रिवाज मोडतो. आमटी आणलीय का?”

आमटी आणली होती. दोघांनी मग ती फुंकर घालत सावकाश संपवली, कारण आमटी गरम होती.

शुक्रवारी सुनावणीला मुख्य कार्यालयाच्या कर्णिक मॅडम स्वतः आल्या. बारीक काठाची साडी, चष्मा साखळीला, आणि कुठल्याही वाक्याने चकित न होण्याचा तीस वर्षांचा सराव. मेजाच्या टोकाला यथार्थ, समोर कुंडी. चाचणी विभाग भिंतीला लागून रांगेत बसला होता. ताईंच्या मांडीवर कागदांची एक जाड गुंडाळी होती.

“कुंडी बाजूला करा,” कर्णिक मॅडम म्हणाल्या. रणदिवे साहेबांनी ती स्वतः उचलून पायाशी ठेवली.

“ठुबेबाई, सही?”

“करणार नाही.”

“परिणाम माहीत आहेत?”

“हो.”

“ठीक. निदान एवढं सांगा, हे नमुन्यादाखल. तीन मार्चची गळती खरी कुणाची होती?”

“माझी,” ताई म्हणाल्या.

“मपली,” औटीमामा म्हणाले.

“माझी,” इरफान म्हणाला. “आमची,” कळमकर आणि पानसरे म्हणाले.

हे सगळं एकाच दमात झालं. लाल दिवा लागला. पण एवढ्यांतून कुणाचं खोटं ते एकट्या दिव्याला सांगता येईना. कर्णिक मॅडमनी दुसरी तारीख वाचली. पुन्हा सगळे, पुन्हा दिवा. तिसरी, चौथी. दहाव्या तारखेपर्यंत कळमकर आणि पानसरे यांच्यात एका नळीवरून बाचाबाची सुरू झाली, कारण दोघांनाही ती आपणच तोडल्याची खात्री होती. दिवा इतका वेळ जळत राहिला की मैत्रेयीने हात लावून गरम झालाय का ते पाहिलं.

“तीस वर्षांत,” कर्णिक मॅडम चष्मा काढत म्हणाल्या, “मी कामगारांना चुकीपासून पळताना पाहिलंय. रांग लावताना पाहिलेलं नाही. हे काय आहे?”

ताई उठल्या. त्यांनी गुंडाळी मेजावर उलगडली. अकरा वर्षांची अकरा कॅलेंडरं, गणपती, लक्ष्मी आणि पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या फोटोंसकट. त्यांनी सगळं सांगितलं. बेचाळीस यंत्रं, पेन्सिलीची अक्षरं, आठवडेकरी, डबे. काही लपवलं नाही आणि नाव एकही घेतलं नाही. दिवा पूर्ण वेळ विझलेला होता.

“म्हणजे ठरवून खोटं,” रणदिवे साहेब म्हणाले.

“ठरवून,” ताई म्हणाल्या. मग त्या मैत्रेयीकडे वळल्या. “सबनीस मॅडम, तुमच्या आमटीतून तुम्ही एकेक माणूस काढून पाहिलात. माझं एक मागणं आहे. माणसं राहू द्यात. हे कॅलेंडर काढून बघा.”

मैत्रेयी थांबली. मग हसली. “हे मला सुचायला हवं होतं,” ती म्हणाली. दिवा लागला नाही.

यथार्थने अकरा कॅलेंडरं वजा केली आणि अकरा वर्षं पुन्हा चालवली. चहा फिरला. इरफानने मामांची बशी धरली.

“निकाल,” यथार्थ म्हणाला. त्याचा आवाज शाळेत वर्गासमोर पाढे म्हणणाऱ्या हुशार मुलासारखा होता. “कॅलेंडर असताना चूक घडल्यापासून सांगेपर्यंत सरासरी वेळ अकरा मिनिटे. कॅलेंडर नसताना चार दिवस. दुसऱ्या वर्षी तीनशे यंत्रे परत येतात. चौथ्या वर्षी चाचणी विभागात कुणीच कुणाशी बोलत नाही. सहाव्या वर्षी कारखाना बंद होतो.”

सभागृहात कपबशी वाजली.

“मग मी?” रणदिवे साहेबांनी न राहवून विचारलं.

“आपण दुसऱ्या कारखान्यात आहात.”

“बरं.”

“तोही बंद होतो.”

“कॅलेंडरचा वाटा किती?” कर्णिक मॅडमनी विचारलं.

“अकरा वर्षांच्या यशात अडतीस टक्के. सर्वांत मोठा एकटा वाटा. संचालक मंडळाचा आकडाही काढला आहे. सांगू?”

“नको,” कर्णिक मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या किंचित घाईत बोलल्या.

“कॅलेंडर भिंतीवर लावायची परवानगी,” रणदिवे साहेब हळूच म्हणाले, “तशी मीच...” दिवा लागला. साहेबांनी पायाशी कुंडी चाचपली.

तेवढ्यात भिंतीपाशी इरफान उभा राहिला. “मॅडम, एक राहिलं. सगळ्यांना वजा करून झालं. आता यथार्थरावांना वजा करून बघा की.”

मैत्रेयीने कर्णिक मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. स्वतःला काढून स्वतःच गणित करायचं म्हणजे थोडं वेगळं काम होतं, पण यथार्थला त्यात अवघड काही वाटलं नाही. त्याने शेवटचे सहा आठवडे पुन्हा चालवले.

“माझ्या आगमनानंतर,” तो म्हणाला, “या विभागात चूक सांगायचा वेळ अकरा मिनिटांवरून दोन दिवसांवर गेला आहे. इतर विभागांत चुका सांगणे थांबले आहे. मला वजा केल्यास वेळ पुन्हा अकरा मिनिटे.” तो क्षणभर थांबला. “या घसरणीत माझा वाटा ब्याऐंशी टक्के. दोष माझा आहे.”

दिवा लागला नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यात, एवढ्या मोठ्या सभागृहात, स्वतःचा दोष आकड्यासकट सांगणारा तो पहिलाच होता, आणि तोही सहा आठवड्यांपूर्वी रुजू झालेला.

औटीमामांना त्याची दया आली.

“असूं दे,” ते म्हणाले. “नवा हाये तू. पुढल्या सोमवारी कॅलेंडरात ये.”

कर्णिक मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं, बराच वेळ वाचलं आणि मिटलं.

“नियम असा आहे,” त्या म्हणाल्या, “की दोष दुसऱ्यावर ढकलण्यासाठी खोटं बोलणाऱ्यास बडतर्फ करावं. दोष स्वतःवर ओढून घेण्यासाठी कुणी खोटं बोललं तर काय करायचं, ते लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला तशी कल्पनाच सुचली नसावी. यादी उघडायची गरज नाही. ठुबेबाई, तुम्ही गुणवत्ताप्रमुख. आणि हे कॅलेंडर सगळ्या विभागांत लावायला हवं. त्यासाठी समिती नेमू.”

सुदैवाने त्या समितीची अजून बैठक झालेली नाही, त्यामुळे कॅलेंडर चांगलं चाललं आहे.

ताई वरच्या मजल्यावर गेल्या, उशीसकट, पण जेवायला खालीच येत राहिल्या. त्यांचं अक्षर त्यांनी खोडू दिलं नाही. चौथ्या दिवशी रणदिवे साहेब चाचणी विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. आत डबे उघडलेले होते.

“नाही, मी म्हटलं,” साहेब म्हणाले, “त्या कॅलेंडरात एखादा सोमवार... व्यवस्थापनाचाही सहभाग असावा.”

“साहेब, चूक आपली म्हणावी लागेल,” इरफानने सावध केलं.

“म्हणेन की. त्यात काय.” साहेबांनी घरी आरशासमोर दोन दिवस सराव केला, असं त्यांच्या पत्नीने पुढे ताईंना सांगितलं. त्यांच्या आठवड्यात एक झाकण सैल राहिलं. साहेब फोनवर पुण्याला म्हणाले, “चूक माझी आहे,” आणि फोन ठेवून खुर्चीत मागे रेलले. पंचवीस वर्षं ज्याच्यापासून दौऱ्यावर पळत होतो ते एवढंसंच होतं, हे कळल्यावर माणूस जसा बसतो तसे ते बसले. त्या आठवड्यात त्यांनी पाच डबे खाल्ले आणि एकही दौरा केला नाही. उत्पादन पडलं नाही. यथार्थने हे दोनदा तपासलं.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी चौकोनात ‘य’ होता. तोच औटीमामांच्या नोकरीचाही शेवटचा आठवडा. मैत्रेयी मुद्दाम पुण्याहून आली होती आणि तिने यथार्थला चाचणी विभागात आणून कॅलेंडरखाली ठेवलं होतं, त्याची मनीप्लँटची कुंडी खिडकीत. यंत्राच्या आठवड्याचा डबा द्यायचा की नाही यावर चर्चा झाली. रिवाज म्हणजे रिवाज, असं ठरलं. मामांच्या घरून शिपी आमटीचा मोठा डबा आला आणि यथार्थपुढे ठेवला गेला.

बुधवारी दुपारी, एक वाजायच्या जरा आधी, कर्णिक मॅडमचा फोन आला. एका दवाखान्यात गेलेल्या यंत्रात पॅकिंगचा स्पंज तसाच राहिला होता. यंत्राने दोन दिवस पाणी काढलं आणि स्पंजने ते निष्ठेने पिऊन टाकलं. दुसरं यंत्र वाटेवर होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण नोंद हवी.

“चूक कुणाची?” स्पीकरवर मॅडमनी विचारलं.

ते यंत्र कुणी पाठवलं, स्पंज काढायचा कुणाकडून राहिला, हे यथार्थच्या पोटात अगदी मिनिटापर्यंत होतं. मामा त्याच्याकडे पाहत होते. ताई दारात उभ्या होत्या. रणदिवे साहेब, जे सोमवारपासून रोज सहज म्हणून खाली येत होते, कॅलेंडरवरचा गणपती बारकाईने न्याहाळत होते.

लाखो आमट्या क्षणात करणाऱ्या यथार्थला चार सेकंद लागली.

“मपली चूक,” तो म्हणाला.

त्याच्याच डब्यावरचा लाल दिवा लागला. रणदिवे साहेब लगेच वळले, खिडकीतली कुंडी उचलली आणि दिव्यासमोर ठेवली.

“ठीक,” मॅडम म्हणाल्या. फोन ठेवण्याआधी त्या क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या. “जेवण झालं का सगळ्यांचं?”

जेवण व्हायचं होतं. एकची घंटा झाली, सगळे हात धुवायला गेले आणि आले तेव्हा यथार्थपुढचा आमटीचा डबा रिकामा, विसळून पालथा घातलेला होता.

“काय रं,” मामांनी कॅलेंडरखालच्या पाहुण्याला विचारलं, “आवडली का आमटी?”

“उत्तम होती,” यथार्थ म्हणाला. कुंडीच्या पानांमागे काहीतरी तांबडं चमकलं.

रणदिवे साहेब खिडकीशी पाठमोरे उभे राहून मिशी पुसत होते. रुमालावर आमटीचा पिवळा डाग पडला होता. तो कुणाचा ते यथार्थला शंभर टक्के ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तरी सोमवारपर्यंत आठवडा त्याचाच होता.